अनुभव धागा: रविवारची उपासना, सोमवारची ड्यूटी

मित्रांनो, उपदेश आपण पुष्कळ ऐकतो. इथे आपापल्या कामाबद्दल लिहा. ड्यूटीवर, दुकानात, साइटवर आपला ख्रिस्ती विश्वास नेमका कुठे कामी येतो आणि कुठे अडतो? स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते मिशनरी म्हणून. त्यांनी शाळा चालवली, गोंडांच्या भाषेचा अभ्यास केला आणि भोवतालच्या खडकांतले जीवाश्म इतक्या मनापासून जमवले की एका खनिजाला ‘हिस्लोपाइट’ नाव पडलं. दगडांचं काम त्यांना प्रभूच्या कामाबाहेरचं वाटलं नसावं, असं मला तरी वाटतं. नाव लिहू नका, काम लिहा.

मापारी, धान्यबाजार

मापात पाप म्हणतात ते आम्ही रोज पाहतो. माल वाळलेला, चाळलेला असला तरी ओलावा नि मातीच्या नावाखाली ‘कडता’ म्हणून वजन कापायचं. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाची सुरुवातच खोट्या काट्यापासून आहे, परमेश्वराला तो आवडत नाही. म्हणून काट्यावर जेवढं भरतं तेवढंच मी लिहितो. एका खरेदीदाराने मला त्याच्या ढिगांवरून काढायला लावलं. तोलाई बुडाली, तो हंगाम ओढाताणीत गेला. घरची म्हणाली, “खरं लिहूनच खाऊ जी, कमी खाऊ.” तूर विकून परतणाऱ्याच्या हातात त्याचे पुरे पैसे पडावेत, एवढंच मला कळतं.

लोको पायलट, अजनी

रविवारी मी देवळात क्वचितच दिसतो. कॉल आला की निघायचं. याचं मनाला फार लागायचं. आमच्या पाळकांनी एकदा विचारलं, केबिनमध्ये नेमकं काय करता? म्हटलं, सिग्नल दिसला की मी तो मोठ्याने पुकारतो, सहायक तोच परत पुकारतो. ते म्हणाले, “अहो, उपासनेत मी एक ओळ म्हणतो नि मंडळी दुसरी म्हणते, तसंच की हे!” तेव्हापासून इटारसीकडच्या घाटात, धुक्याच्या रात्री, मी सिग्नल तोंडदेखला पुकारत नाही. मागे डब्यांत माणसं निर्धास्त झोपलेली असतात.

फिटर, हिंगणा एमआयडीसी

खंडेनवमीचं लिहितो, कारण आमच्या तरुण पोरांना हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्या दिवशी शॉपमध्ये मशिनींची पूजा असते. नवीन होतो तेव्हा मी सुट्टी टाकायचो. उस्ताद म्हणाले, “लेथ तुझी आहे, धुवायला तरी ये बावा.” ते मला पटलं. आता आदल्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ मीच थांबतो. चूर काढतो, बेड पुसून तेल देतो, कूलंट बदलतो, पाने-डाय ओळीत लावतो. हार दुसरे घालतात. आरतीला मी दाराशी उभा राहतो, माझ्या शेजारी आमचा बौद्ध मित्रही. कोणी आम्हाला काही म्हणत नाही, कारण मशीन कोणी घासली ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना पाणी वाटतो, तेव्हा मी त्याच्यासोबत ग्लास भरतो. पूजेचा पेढा मी खातो. पौलाने करिंथकरांना लिहिलंय, अन्नामुळे आपण देवाजवळ जात नाही की दूर होत नाही. पण दुसऱ्याचा विवेक दुखावू नका, असंही त्याच पत्रात आहे, म्हणून घरच्यांना आग्रह करत नाही.

स्टाफ नर्स, सदर

फिटर भाऊ, मी पेढा घेत नाही, घेणाऱ्याला नावही ठेवत नाही.

माझा अनुभव रात्रपाळीचा. नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, तुमच्या देवाला सांगा.” म्हटल्यावरच मी त्यांच्यासोबत प्रार्थना करते, स्वतःहून कधीच नाही. आजारी माणूस आपल्या हातात असतो, त्याला नाही म्हणायची सोय नसते. पण दर दोन तासांनी कूस बदलायला मला कोणी सांगावं लागत नाही. वेळेवर कूस बदलली नाही तर नुसत्या प्रार्थनेने पाठीची जखम टळत नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते पाणी आणि टॉवेल घेऊनच.

ठेकेदार, मानेवाडा

मत्तयच्या विसाव्या अध्यायातले, उशिरा कामाला लागूनही पूर्ण मजुरी मिळालेले मजूर मला रोज ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात तिथे, दिसतात. उन्हं चढली तरी काही माणसं तिथेच असतात, बहुतेक वयस्क. कोणी नेलेलंच नसतं. अशा एकाला दुपारी नेलं आणि पूर्ण हजेरी दिली, तर सकाळचे चिडले. “उद्या आम्ही पण दुपारीच येतो!” त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता. मग सगळ्यांसमोर नियम ठरवला. ज्याला कोणी नेलं नाही त्याला पूर्ण, स्वतःहून उशिरा आला तर अर्धी. पावसामुळे किंवा रेती न आल्यामुळे काम थांबलं तर सगळ्यांना पूर्ण. आता कुरकुर कमी आहे. रेजांची, म्हणजे बाया मजुरांची, मजुरी मात्र अजून पुरुषांपेक्षा कमी आहे. त्याही तेवढीच घमेली उचलतात. पुढच्या कामाचा दर देताना त्यांची मजुरी पुरुषांइतकीच धरून मी देणार आहे. मालकाला महाग वाटलं तर बसून बोलू.