अनुभव धागा: पोलिसांनी बोलावलं, अडवलं, बसवून ठेवलं... तुमच्या बाबतीत काय झालं?

मामा (नाशिकरोड)
सुरुवात मीच करतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका.

गेल्या पावसाळ्यात भाच्याला रात्री साडेनऊला घरून नेलं. "चौकशी आहे, तासाभरात सोडतो." बहिणीचा फोन आला तसा ताटावरून उठलो. दारातूनच दिसलं: भाचा आत बाकावर, मोबाइल काढून घेतलेला. ठाणे अंमलदार म्हणाले, "अटक नाही हो, नुसतं बसवलंय." सकाळ झाली तरी नुसतं बसवलेलंच. अटक दाखवली दुपारी, कागदावर वेळ १२.४०. म्हणजे पंधरा तास कागदावर कुठेच नाहीत, आणि अटकेपासून २४ तासांत कोर्टापुढे न्यायचं हा घटनेच्या कलम २२ मधला नियम मात्र व्यवस्थित पाळलेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात हजर केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" भाच्याने शेजारच्या शिपायाकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाला. त्याचं डावं पाऊल जमिनीला टेकत नव्हतं, ते मला मागच्या बाकावरून दिसत होतं.

वकिलाला पैसे नव्हते. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंचा पहिलाच प्रश्न: "नेलं किती वाजता, आणि दाखवाल कशावरून?" बहिणीचा ९.५२ चा फोन आणि गल्लीतल्या किराणावाल्याचा कॅमेरा, एवढंच होतं. बाईंनी दोन्ही कोर्टापुढे ठेवलं, पायाची वैद्यकीय तपासणी मागितली. पोलिसांनी पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला होता, मिळाला एमसीआर (न्यायालयीन कोठडी). चौथ्या दिवशी जामीन.

आता तुमचं लिहा. कागद आणि वेळ यांबद्दल जरूर लिहा.

रिक्षावाला
चावी काढून घेतात ते धरायचं का यात? आमचं रोजचंच. डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलं तर "ओरिजिनल दाखव." मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, ते सरकारचंच ॲप आहे ना?" चावी परत. आजींकडून भाडं घेतलं नाही.

दोन मुलांची आई
सोसायटीत चोरी झाली, मी साक्षीदार. संध्याकाळी साडेसातला फोन, "ताई, जबाबाला या." आमचे हे गाडी काढायलाच निघाले. मी सांगितलं, साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तुम्ही घरी या. (नणंद लॉला आहे, आवाज तिचा.) नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७९. पंधराच्या आतली मुलं आणि साठीच्या वरचे पुरुषही त्यात येतात. दुसऱ्या दिवशी अकराला महिला शिपाई आली, चहा घेतला, जबाब लिहून वाचून दाखवला. मी सहीसाठी पेन काढलं तर म्हणाली, साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. हे मला नवीन होतं.

कॉलेजरोड
ठाण्यात आणि लॉकअपबाहेर सीसीटीव्ही हवेत, फुटेज अठरा महिने ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. मी फुटेजसाठी अर्ज केला. उत्तर: कॅमेरा दुरुस्तीला.

निवृत्त हवालदार
मामा, राग मानू नका. "नुसतं बसवलंय" हे मी स्वतः कितीदा म्हटलंय त्याची गणती नाही. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हा सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाचा फलक तेव्हा माझ्या पाठीमागच्याच भिंतीवर होता. वरून दबाव असतो, कागद मागाहून होतात. पण घरच्यांनी त्याच रात्री लेखी अर्ज आणून पोच मागितली की आत हालचाल सुरू होते.

आणखी एक. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असला की बऱ्याचदा अटकेऐवजी त्याच नव्या संहितेतल्या कलम पस्तीसची, हजर राहा म्हणणारी नोटीस येते. हजर राहिलात तर अटकेचं कारण आम्हाला लिहावं लागतं. लोक नोटीस बघून गावाला पळतात, मग ते कारण आयतंच मिळतं.

मामा (नाशिकरोड)
राग कसला, दादा. पण पोच द्यायला नाही म्हटलं तर? मला तर आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

निवृत्त हवालदार
तिथेच बाहेर उभं राहून ११२ लावायचा. "अमक्याला इतक्या वाजल्यापासून आत ठेवलंय" एवढंच बोलायचं. नोंद पडते वेळेसकट, आणि ती ठाण्यातून खोडता येत नाही.