प्रतवारी कॅमेऱ्याने, मग दाद कोणाकडे मागायची?

रोखठोक: आयर्लंडच्या मोठ्या कत्तलखान्यांत 2004 पासून सोललेल्या गुरांच्या धडांची प्रतवारी कॅमेरा करतो. बांध्याचे, म्हणजे अंगावरच्या मांसाच्या भरीवपणाचे, ई (उत्तम), यू, आर, ओ, पी (निकृष्ट) असे पाच वर्ग, प्रत्येकाचे अधिक, बरोबर, उणे; म्हणजे 15 पायऱ्या. चरबीचं वेगळं मोजतात, 1 ते 5. 2009 अखेर आलेल्या दरपद्धतीत बांध्याची एक पायरी घसरली की किलोमागे 6 सेंट जातात, 350 किलोच्या धडाला 21 युरो. हिशेबाचा कागद शेतकऱ्याच्या हाती येईपर्यंत धड कापून मोकळे! मालकाने मागितलं तर धड बाजूला टांगून परवानाधारक माणसाकडून फेरतपासणी झालीच पाहिजे.

पासंग: तो माणूस काय देवाचा डोळा घेऊन येणार? युरोपीय नियमानुसार यंत्राची परीक्षा होते तेव्हा किमान 600 धडं तज्ज्ञांचं मंडळ बघतं आणि त्यांच्या निकालांचा मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा) खरा धरतात, कारण त्यांचंही एकमत होत नाही. बांधा अचूक सांगितला तर 10 गुण, एक पायरी चुकली तर 6, दोन चुकल्या तर उणे 9. शिवाय हरकत फक्त कमी लागलेल्या पायरीवर येणार. जास्त लागलेली कोण परत करतो?

रोखठोक: पास व्हायला 60 टक्के पुरतात, हे का गाळलंत? दर धडाला एक पायरी चुकणारं यंत्रही 6 गुणांनी पास!

पासंग: अर्धंच वाचलंत. सरासरी झुकाव, म्हणजे वरच्या-खालच्या चुका एकमेकींत वळत्या करून उरणारी सरासरी चूक, 0.30 पायरीच्या आत लागतो. चूक वरही जाते, खालीही.

कोपरखळी: 200 जनावरं पाठवणाऱ्याला ती सरासरी लाभते. सहा पाठवणाऱ्याच्या नशिबी नुसता फटका.

पण दोघंही कॅमेऱ्यालाच धरून बसलात. खरी गडबड त्याच्या आधी होते. कातडं ओढताना त्याबरोबर पाठीवरची चरबीही सोलून निघाली, किंवा सुरी ठरलेल्या छाटणीच्या पुढे गेली, तर चरबीचा वर्ग बदलतो आणि वजनही घटतं. वजन गरम असताना, तासाभराच्या आत होतं आणि थंड वजनासाठी 2 टक्के कापतात. त्याआधी तासलेलं कुठल्याच कागदावर दिसत नाही. फेरतपासणीवालाही तेच तासलेलं धड बघणार. सरकारी निरीक्षक छाटणीच्या जागी उभा हवा.

रोखठोक: छाटणीचं मान्य. पण यंत्राला वाचता न आलेलं धड त्याच दिवशी माणूस बघतोच ना? मग हरकतीचं त्याच रांगेत लावा.

पासंग: आणि शीतगृहातली जागा, खोळंबा? कोणाच्या खर्चाने?

रोखठोक: हरकत फेटाळली तर मालकाच्या, टिकली तर कत्तलखान्याच्या.

पासंग: चालेल. मात्र फेरतपासणीत पायरी आणखी खाली गेली, तर तीही मुकाट घ्यायची.