चेहरा झाकून रॅप करणारा एमएफ डूम नक्की कोण होता?

चिंचवडची_ताई

माझा धाकटा भाऊ 19 वर्षांचा आहे. आयटीआयला फिटरचा ट्रेड करतो आणि रविवारी संध्याकाळी मित्रांबरोबर सायफरला जातो, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करायला. मराठीत लिहितो, आणि मला ते खरंच आवडतं. गेल्या महिन्यात त्याने पत्र्याच्या तुकड्यातून एक मुखवटा ठोकून आणला. आता म्हणतो, यापुढे चेहरा दाखवणार नाही, डूमसारखं करणार. आईने विचारलं, "अरे, तोंडच दाखवलं नाहीस तर लोक तुला ओळखणार कशावरून?" तो म्हणाला, "आवाजावरून." आणि उठून गेला.

मला त्याच्याशी भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. हा डूम कोण? त्याने मुखवटा का घातला? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू? इंग्रजी रॅप माझ्या कानावरून भरकन निघून जातो.

कुर्ला_स्लो

डूमचा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम ऐका, 2004 चा. 22 तुकडे, सगळे मिळून 46 मिनिटं. धृपद जवळजवळ नाहीच, त्यामुळे एक गाणं संपून दुसरं कधी लागलं तेही कळत नाही. बीट्स, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, मॅडलिब या संगीतकाराचे. याच मॅडलिबने 2007 मध्ये भारतीय सिनेसंगीताचे तुकडे कापून बीट्सचा अख्खा अल्बम केला होता. इंग्रजी अडत असेल तर आधी तो लावा, कान रुळेल.

मिरजेचा_तंबोरा

ताई, मी मूळची मिरजेची, 2011 पासून इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. डूम याच गावात वारला, 31 ऑक्टोबर 2020 ला, वयाच्या 49 व्या वर्षी. आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. दोन महिन्यांनी, 31 डिसेंबरला, त्याच्या बायकोने जाहीर केलं तेव्हा जगाला कळलं. त्या रात्री मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि योगायोगाने त्याचंच गाणं लावलेलं होतं. नवऱ्याने फोन पुढे धरला. मी नळ बंद करून खाली बसले. ज्या गावात मी रोज बसने कामावर जात होते, तिथेच हा माणूस शेवटचे दिवस काढत होता. अजूनही ते मनातून जात नाही.

तुमचा प्रश्न मुखवट्याचा आहे, पण मुखवट्याआधी भाऊ येतो.

त्याचं खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म लंडनचा, 1971 चा. लहानपणीच घरचे अमेरिकेत गेले आणि तो न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वाढला. धाकट्या भावाला बरोबर घेऊन त्याने केएमडी नावाचा ग्रुप काढला. तेव्हा तो झेव्ह लव्ह एक्स या नावाने रॅप करायचा, चेहरा उघडा, हसरा. भाऊ डीजे सबरॉक. 1991 मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम आला. दुसरा होत आला होता आणि एप्रिल 1993 मध्ये रस्ता ओलांडताना गाडीने उडवून सबरॉक गेला. तोही 19 वर्षांचाच होता.

थोरल्याने एकट्याने अल्बम पुरा केला. मुखपृष्ठाचं चित्रही स्वतःच काढलं: काळ्या माणसांची टिंगल करणारं जे जुनं व्यंगचित्र अमेरिकेत घरोघरी चालायचं, त्यालाच फासावर चढवलेलं. चित्रावरून गहजब झाला. 1994 मध्ये कंपनीने अल्बम अडवला आणि करारही संपवला. भाऊ नाही, काम नाही. त्यानंतरची काही वर्षं त्याने मॅनहॅटनमध्ये जवळजवळ बेघर होऊन काढली, बाकांवर झोपून.

1997 च्या सुमारास न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, जिथे कुणीही उठून माइक घेऊ शकतो, तिथे तो पुन्हा उभा राहिला. चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढलेला. धातूचा मुखवटा नंतर आला. कॉमिक्समधला डॉक्टर डूम हा खलनायक विद्रूप झालेला चेहरा लोखंडी मुखवट्यामागे ठेवतो, त्यावरून नाव आणि रूप घेतलं. 1999 मध्ये एका छोट्या लेबलवर 'ऑपरेशन डूम्सडे' निघाला. त्याचे बहुतेक बीट्सही त्याने स्वतःच बांधलेत.

तो सांगायचा की लोक रॅपर कसा दिसतो ते बघत बसतात, मला हवंय की त्यांनी ऐकावं. त्याचं म्हणणं मला पटतं, पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. झेव्ह लव्ह एक्सचा तो हसरा चेहरा दोघा भावांचा होता. तो एकट्याने लोकांपुढे न्यायची त्याची तयारी नसावी. हे माझं मत, तो असं कुठे म्हणालेला नाही.

आता आवाज. माझे वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा मिलिमीटरभर सरकवायचा, की साधी टणटण जाऊन सूर भरून येतो, गुंजायला लागतो. डूमच्या आवाजात ती जवारी आहे. खरखरीत, झोपाळू, पण शब्द एक सुटत नाही. 'मॅडव्हिलनी'चं कच्चं रेकॉर्डिंग मॅडलिबच्या ब्राझील दौऱ्यात चोरीला गेलं आणि इंटरनेटवर फुटलं, अल्बम यायच्या वर्षभर आधी. दोघांनी हातचं काम सोडून दिलं, वेगळी कामं केली आणि मग परत येऊन डूमने शब्द नव्याने म्हटले, आणखी खालच्या, संथ आवाजात. दोन्ही ऐकून बघा. सुताचा धागा कुठे सरकलाय ते कानाला कळतं.

सुरुवात 'अकॉर्डियन' या गाण्यापासून करा. दोनच मिनिटांचं आहे. मागे पेटीसारखा भाता चालू आणि त्यावर तो बोलतोय. अर्थाच्या मागे लागू नका, यमकं मोजा. ओळीच्या शेवटी एक, एवढ्यावर तो थांबत नाही. ओळीच्या पोटात चार-चार जागी तेच स्वर येतात.

एक गोष्ट मात्र मला कधीच रुचली नाही. 2007-08 च्या सुमाराला काही कार्यक्रमांना त्याने मुखवटा घालून भलतीच माणसं पाठवली आणि ती रेकॉर्डवर ओठ हलवत राहिली. त्याचं म्हणणं, हे पात्र मी लिहिलंय, कुणाला उभं करायचं ते मी ठरवणार. पण तिकिटाचे पैसे देऊन आलेल्या पोरांना त्याचा श्वास ऐकायचा होता. हे भावाला जरूर सांगा.

पैठणचा_वाटसरू

रॅपमधलं मला कळत नाही, पण हे वाचून नाथांची भारुडं आठवली. कधी जोशी, कधी भुत्या, कधी विंचू चावलेली बाई. नाथ स्वतः बाजूला राहतात आणि सोंग बोलतं. आमच्याकडे भारूड करणारा लुगडं नेसून उभा राहिला की तो कुणाचा कोण हे कुणी विचारत नाही. या गृहस्थाची अशी एकाहून जास्त सोंगं होती का?

मिरजेचा_तंबोरा

काका, अगदी होती. 2003 मध्ये किंग गिडोरा या नावाने एक अल्बम, तीन तोंडांचा अंतराळातला राक्षस. त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉन नावाने दुसरा, हा तरणा, उर्मट. डूम या नावाने बोलतानाही तो सहसा 'मी' म्हणत नाही, 'तो खलनायक' म्हणतो. 'सोंग' हा शब्द मला इतकी वर्षं सुचला नव्हता.

चिंचवडची_ताई

वाचून दाखवलं त्याला. सबरॉकच्या वयापाशी आल्यावर दोघंही गप्प झालो.

पुढे त्याला यश आलं का? आई तेवढंच विचारतेय.

मिरजेचा_तंबोरा

आईंना खरं ते सांगा. 'मॅडव्हिलनी' अमेरिकेच्या खपाच्या यादीत 179 व्या क्रमांकापर्यंतच पोचला. रॅप लिहिणारे मात्र आजही त्याच्या ओळी उतरवून काढतात. आणि 2010 मध्ये युरोपचा दौरा करून परतताना त्याला अमेरिकेत शिरू दिलं नाही. आयुष्य तिथे गेलं, पण नागरिकत्वाचे कागद कधी झालेच नव्हते. बायकोमुलं तिकडे, हा लंडनला. घरचे इकडे येईपर्यंत बराच काळ गेला. 2017 मध्ये 14 वर्षांचा मुलगा गेला. त्या माणसाच्या वाट्याला फार आलं.

तुमच्या भावाला एक विचारा: मुखवट्याला तोंडापाशी फट किती ठेवलीय? पत्रा ओठाला लागला की 'प', 'ब', 'म' दबतात. आणि कडा घासून घे म्हणावं. डूमच्या मुखवट्याचा खालचा भाग उघडा असायचा.

चिंचवडची_ताई

फट दीड बोट आहे. आता कानस घेऊन बसलाय.