टीव्हीवरच्या मोठ्या पोकर डावांत पडद्यावरचे जिंकण्याचे टक्के कसे काढतात?

किलवरसत्ती
'हसलर कसिनो लाइव्ह' या पोकर स्ट्रीमचा २९ सप्टेंबर २०२२ चा गाजलेला डाव पुन्हा बघतोय. टेबलावर बदाम दश्शी, किलवर दश्शी, किलवर नव्वी आणि चौथं पान बदाम तिर्री. गॅरेट एडेलस्टाइनकडे किलवर अठ्ठी-सत्ती, रॉबी जेड ल्यूकडे किलवर गुलाम आणि बदाम चौकी. तिची साधी जोडीही लागलेली नाही, तरी शेवटच्या पानाआधी ती पुढे कशी? शिवाय इतर डावांत माझ्या कॅल्क्युलेटरचं उत्तर पडद्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वेगळं येतं, ते का? झाकलेली पानं चॅनेलला कळतात कशी, आणि ती बाहेर फुटू नयेत म्हणून काय करतात? शेवटचं पान दोनदा काढण्याचा फायदा नेमका कोणाला?

दश्शीवाला
आधी टक्के. दिसणारी पानं ८, उरली ४४. गॅरेटला जिंकवणारी पानं मोजा: किलवरची उरलेली ८ (फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं), किलवर सोडून ३ छक्क्या आणि ३ गुलाम (स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं), शिवाय ३ अठ्ठ्या आणि ३ सत्त्या (दश्शीच्या जोडीवर दुसरी जोडी). एकूण २०. म्हणजे ४४ पैकी २०, ४५.५ टक्के. बाकी २४ पानांवर गॅरेटला टेबलावरच्या पानांपलीकडे काही लागत नाही आणि गुलाम अठ्ठीपेक्षा मोठा, म्हणून रॉबी ५४.५ टक्के. किलवर गुलाम तिच्याच हातात आहे हे विसरू नका. तो गड्डीत असता तर गॅरेटचा स्ट्रेट फ्लश लावणारं आणखी एक पान उरलं असतं.

कॅल्क्युलेटरचा फरक फोल्ड झालेल्या, म्हणजे डाव सोडून फेकलेल्या पानांमुळे पडतो. यंत्रणेने सगळ्यांची पानं वाचलेली असतात, त्यामुळे फेकलेली पानंही हिशोबातून वजा होतात. समजा वरच्याच डावात कोणीतरी किलवरची दोन पानं फेकली होती. मग गॅरेटकडे ४२ पैकी १८ उरतात, म्हणजे ४२.९ टक्के. तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये मृत पानांचा रकाना असेल तर ती तिथे भरा, आकडा जुळेल.

हे टक्के खेळाडूसमोर नसतात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गॅरेटची ऑल-इन रेझ (सगळे पैसे लावून वाढवलेली बाजी) ४५ टक्क्यांवर तोलायची नाही. समोरच्याकडे काय काय असू शकतं आणि त्यातलं किती तो फेकून देईल, यावर तोलायची. त्या दृष्टीने ती उत्तम रेझ होती. अनपेक्षित होता तो रॉबीचा कॉल (तेवढेच पैसे लावून डावात राहणं), कारण गुलाम-चौकी बऱ्याच ब्लफनाही, म्हणजे कच्च्या पानांवर मारलेल्या थापांनाही, हरते.

पाटावरचे_पत्ते
पानं कळतात आरएफआयडीने (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारं तंत्र). प्रत्येक पानाच्या थरांमध्ये बारीक चिप आणि अँटेना असते, आणि टेबलाच्या कापडाखाली प्रत्येक खुर्चीपुढे एक वाचक (पान ओळखणारं यंत्र) बसवलेला असतो. मधल्या पाच पानांसाठीही असतो. गडबड होते ती अशी:

खेळाडूने पानं ठरलेल्या जागेवरून सरकवून चिप्सच्या ढिगाआड ठेवली की वाचन होत नाही. दोन पानं एकमेकांवर तंतोतंत बसली की अँटेना एकमेकींना अडवतात आणि एकच पान पडद्यावर येतं. म्हणून पानं किंचित तिरकी ठेवायला सांगतात. वाचकाजवळ धातू आला तरी सिग्नल बिघडतो. पान वाकलं की चिप मरू शकते, तेव्हा सगळी गड्डी बदलावी लागते. त्यामुळे कधी पडद्यावर रिकामी जागा दिसली तर ती मुद्दाम लपवलेली नसते, आणि तेवढा वेळ टक्केही विश्वासाचे नसतात.

याआधी काच आणि कॅमेरा होता. ब्रिटनच्या चॅनेल ४ वर १९९९ मध्ये 'लेट नाइट पोकर' सुरू झालं तेव्हा टेबलात काचेची पट्टी आणि तिच्याखाली कॅमेरा असे. अमेरिकेत या कल्पनेचं पेटंट खेळणी बनवणाऱ्या हेन्री ओरेनस्टाइनकडे होतं. तेव्हा टेप नंतर दाखवत, त्यामुळे फुटण्याची भीती कमी. आरएफआयडीत मात्र पानं त्याच क्षणी कंट्रोल रूममध्ये दिसतात, म्हणून खरा धोका तिथेच आहे. प्रक्षेपण उशिरा सोडणं हा अर्धाच उपाय झाला. कंट्रोल रूमचं दार बंद, आत फोन नाहीत, पानं बघणारी माणसं मोजकी, आणि टेबलावर फोन किंवा स्मार्ट घड्याळ नको, हे सगळं एकत्र हवं. रॉबीच्या डावानंतर असाच संशय घेतला गेला, तेव्हा शोने चौकशी केली, फसवणुकीचा पुरावा सापडला नाही.

किलवरसत्ती
आता कळलं. आणि दोनदा पान काढण्याचं?

दश्शीवाला
सरासरी तीच राहते, फक्त चढउतार कमी होतो. त्या डावात पॉट (मध्ये जमलेली एकूण रक्कम) २,६९,००० डॉलरचा, म्हणजे प्रत्येक पानाला १,३४,५००. गॅरेट दोन्ही जिंकण्याची शक्यता २०/४४ गुणिले १९/४३, सुमारे २०.१ टक्के. दोन्ही हरण्याची २९.२. उरलेल्या ५०.७ टक्क्यांत पॉट अर्धा-अर्धा. प्रत्यक्षात चौकट नव्वी आणि इस्पिक एक्का आले, दोन्ही रॉबीला. मोठ्या पॉटमध्ये दोघांनाही धक्का कमी बसावा म्हणून हे करतात. ते मान्य करणं सक्तीचं नसतं.

छक्कीपंजी
एक भर. 'हाय स्टेक्स पोकर' हा टीव्ही कार्यक्रम (२००६ पासून) आणि लाइव्ह स्ट्रीम एकाच मापाने बघू नका. पहिल्यात तासन्तासांच्या खेळातून निवडक डाव कापून दाखवतात, नुसते फोल्ड गाळतात. त्यावरून 'मोठे खेळाडू काहीही खेळतात' असा समज होतो. डॅनियल नेग्रेनूची छक्क्यांची जोडी विरुद्ध गस हॅन्सनची पंज्यांची जोडी, हा ५,७५,७०० डॉलरचा डावच घ्या. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) ९-६-५, म्हणजे दोघांकडेही एकाच आकड्याची तीन-तीन पानं. हॅन्सनला गड्डीतली एकमेव पंजी हवी होती, जिंकण्याची शक्यता साधारण ४.३ टक्के, चौथ्या पानावर ती आली. मग नेग्रेनूकडे फुल हाउस (एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं) असूनही ४४ पैकी एकच पान उरलं, शेवटची छक्की. असा डाव क्वचित येतो, म्हणून तर तो इतक्यांदा दाखवतात.

शिकायचं असेल तर स्ट्रीम लावा, पडद्यावर पानं आणि टक्के येतात त्या कोपऱ्यावर कागद चिकटवा, आणि प्रत्येक बेटनंतर पॉट व समोरचा स्टॅक (खेळाडूपुढचे पैसे) लिहा. अँटे (प्रत्येकाने डावाआधी टाकायची रक्कम) आणि स्ट्रॅडल (पानं बघण्याआधी आपणहून टाकलेली मोठी रक्कम) विसरू नका. ३००/६०० ब्लाइंड (दोन खेळाडूंना सक्तीने टाकावी लागणारी छोटी व मोठी रक्कम) आणि प्रत्येकी १०० अँटे असेल तर आठ जणांच्या टेबलावर कोणी बोलण्याआधीच १,७०० डॉलर मध्ये पडलेले असतात. कोणी १,२०० चा स्ट्रॅडल टाकला की १,००,००० चा स्टॅक १६६ बिग ब्लाइंडऐवजी जेमतेम ८३ स्ट्रॅडलचा उरतो. त्यानंतरच्या रेझ घरच्या खेळापेक्षा मोठ्या दिसतात त्या यामुळे.