मदत हवी आहे: यूएनच्या काउंटर टेररिझम ऑफिसमधल्या डी-१ पोस्टसाठी अर्ज

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. आमचे मोठे मामा इन्कम टॅक्समध्ये होते, ट्रेनिंग इथेच छिंदवाडा रोडच्या एनएडीटीत (इन्कम टॅक्स अधिकाऱ्यांची ट्रेनिंग अकादमी) झालेलं, नंतर काही वर्षं दिल्लीला फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटमध्ये डेप्युटेशनवर, म्हणजे अतिरेक्यांचा पैसा कुठून कुठे फिरतो ते शोधायचं काम. आता ५६ व्या वर्षी व्हीआरएस घेतली आणि घरी बसून मामीचं डोकं खातायत 😅

तर यूएनचं जे काउंटर टेररिझम ऑफिस आहे न्यूयॉर्कला, २०१७ मध्ये सुरू झालेलं, तिथे डी-१ लेव्हलला म्हणजे बऱ्याच वरच्या मॅनेजमेंटला अर्ज करायचा म्हणतात. अनुभव १५ वर्षांचा लागतो, तो आहे, यूएनमध्ये रिटायरमेंट ६५ ला त्यामुळे वयही बसतं. पण इन्स्पिरावर, म्हणजे यूएनच्या नोकरी अर्जाच्या वेबसाइटवर, प्रोफाइल भरताना गाडी अडली. सरकारी नोकरीत "मी हे केलं" असं लिहायची सवयच नाही हो, सगळं "कार्यालयाने केले"! आणि तिथे तर टीम किती, बजेट किती, तुम्ही स्वतः काय निर्णय घेतला हेच विचारतात.

इथल्या एका कन्सल्टंटने सिलेक्शन करून देतो म्हणून पैसे मागितले, त्याला मीच हाकललं, यूएन भरतीसाठी एक रुपया घेत नाही.

कोणी कॉम्पिटन्सी बेस्ड इंटरव्ह्यू, म्हणजे आधीच्या कामातले प्रत्यक्ष प्रसंग विचारतात तो, दिलाय का? गोपनीय केसेसबद्दल किती बोलायचं असतं? फ्रेंच येत नसेल तर खरंच अडतं का? मामा ग्रुपवर नाहीत, मीच विचारून सांगते त्यांना.