टायरइतकंच कूलिंगही बघा

ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम तिरकी घसरवत चालवणं, सुरू कसं करायचं याबद्दल बरेच जण सांगतात की मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घेऊन डिफरन्शियल वेल्ड केला (म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकत्रच फिरतील असं केलं) की सुरुवात होते. ते मला पटतं. पण खर्चात सगळे फक्त टायरच धरताहेत, कूलिंगचं, म्हणजे इंजिन थंड ठेवण्याचं, कुणीच बोलत नाही. ड्रिफ्ट करताना इंजिन जोरात फिरतं, पण गाडी सावकाश आणि तिरकी जाते, त्यामुळे रेडिएटरला पुरेसा वारा लागत नाही. मी आधी हायड्रॉलिक हँडब्रेक (मागची चाकं झटकन लॉक करून गाडी घसरवायला लागतो तो) घेतला आणि रेडिएटर जुनाच ठेवला. तिसऱ्याच सत्रात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलं, इंजिन उघडावं लागलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

आणि टायर वाचवायचे तर शिकताना ओल्या ट्रॅकवर सराव करा. घर्षण कमी, त्यामुळे झीज खूपच कमी होते, आणि कमी ताकदीची गाडीही सहज घसरते.