मदत हवी आहे: काडतुसांच्या जुन्या सैनिकी केसेस (उडवल्यावर उरलेली पितळी आवरणं) पुन्हा भराव्यात का?

नमस्कार मंडळी. परवान्याच्या रायफलसाठी काडतुसं मी स्वतःच भरतो. नुकत्याच ७.६२ × ५१ मापाच्या दीडशेक सैनिकी केसेस मिळाल्या, एकदा उडवलेल्या, बुडावर वर्तुळातला क्रॉस, म्हणजे नाटोची खूण. टॉर्च मारून पाहिलं तर बहुतेकांना मधोमध एकच छिद्र, म्हणजे बॉक्सर, पुन्हा भरायला सोप्या. पंधराएक दोन बारीक छिद्रांच्या बर्डन निघाल्या, त्या बाजूला काढल्या.

प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) निघू नये म्हणून तिच्याभोवती दाबलेली कड, म्हणजे क्रिंप, तुम्ही रीमरने कापून काढता की स्वेजिंगने दाबून? रीमरने माझ्या दोन केसेस वाया गेल्या. जास्त कापलं गेलं आणि नवा प्रायमर जोर न लावताच आत गेला.

खरी काळजी वेगळीच आहे. काही केसेसना बुडाच्या जरा वर चकचकीत वलय दिसतंय, म्हणजे तिथे भिंत ताणून पातळ झाली असेल आणि केस तिथेच तुटू शकते. टोक वाकवलेली तार आतून फिरवली, तीन केसेसमध्ये ती खाचेत अडकली. त्या लगेच चेपून टाकल्या. पण वलय दिसतं आणि तार मात्र अडकत नाही, अशा वीसेक आहेत. मशीनगनमधून उडवलेल्या केसेस जास्त ताणल्या जातात, म्हणून धास्ती वाटते. सैनिकी केसची भिंत सहसा जाड आणि आत जागा कमी, त्यामुळे बंदुकीची दारू कमी मापापासूनच सुरू करणार आहे. सोबत आलेली सुटी, बिननावाची दारू तर वापरणारच नाही.

या वीस केसेस ठेवू की मोडीत घालू? कुणी अशी एखादी उभी कापून पाहिली आहे का?